प्रत्येक वळणावर गाडी फिरते? सेटअपला हात लावण्याआधी हे तपासा

तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. हौसेने स्टिअरिंग व्हील घेतलं, कॉम्प्युटरवर असेटो कोर्सा हा रेसिंगचा गेम टाकला, इटलीतल्या मोंझाचा ट्रॅक निवडला, फेरारी घेतली. सरळ रस्त्यावर सगळं झकास. पहिल्या वळणाला ब्रेक मारला, स्टिअरिंग वळवलं, जरा ॲक्सिलरेटर दिला आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. काही दिवसांनी व्हील खोक्यात जातं, नाहीतर ओएलएक्सवर विकायला येतं. पुण्यात 'जेमतेम वापरलेलं' व्हील विकणाऱ्या जाहिराती कायम दिसतात आणि प्रत्येक वेळी मला मनापासून वाईट वाटतं. कारण बहुतेकदा तो माणूस तीन-चार सेटिंग आणि उजव्या पायाची एक सवय एवढ्यावरच अडलेला असतो.

अशा वेळी मिळणारे सल्लेही ठरलेले. टायरमधली हवा कमी कर, मागचा विंग वाढव, कुणाचा तरी सेटअप (गाडीच्या अशा सगळ्या जुळवणीचा संच) उचलून टाक, हे व्हील फालतू आहे, डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेलं महागडं व्हील) घे. नवख्या माणसाला यातल्या एकाचाही उपयोग होत नाही. सेटअपने गाडी लॅपमागे काही दशांश सेकंद वेगवान होते. दर वळणावर फिरणारी गाडी सेटअपने थांबत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: गाडी जिथे फिरते तिथे चूक शोधू नका. चूक त्याच्या एक-दोन सेकंद आधी झालेली असते, किंवा गाडी ट्रॅकवर येण्याच्याही आधी, तुमच्या टेबलाखाली.

खाली लिहिलंय ते मुख्यतः असेटो कोर्सा डोळ्यापुढे ठेवून. कुनोस सिम्युलात्सिओनी या इटालियन कंपनीने २०१४ च्या डिसेंबरमध्ये तो पूर्ण स्वरूपात आणला. आज तो जुना वाटेल, पण लेझरने स्कॅन केलेले ट्रॅक, टायरचं उत्तम गणित आणि साध्या कॉम्प्युटरवरही सुरळीत चालणं, यामुळे सुरुवातीला मी अजून त्याचंच नाव घेतो. २०१९ चा असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने जास्त ताकदीचा कॉम्प्युटर मागतो आणि त्याचा भर जीटी३ या वर्गातल्या रेसिंग गाड्यांवर आहे. २००८ पासून चालू असलेल्या आयरेसिंग या ऑनलाइन रेसिंग गेमला वर्गणी भरावी लागते. मूळ दुखणं मात्र तिन्हींत एकच आणि तपासायचा क्रमही एकच.

आधी फरशी

याकडे कुणी बघतच नाही, म्हणून हे पहिलं. आपल्याकडच्या घरांत गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. बरेचसे पेडल संच गालिच्यावर ठेवायचे म्हणून बनवलेले असतात. लॉजिटेकच्या जी२९ च्या पेडलखाली तर गालिच्यात रुतणारे दातेच आहेत. टाइलवर त्या दात्यांचा काहीही उपयोग नाही. तुम्ही जोरात ब्रेक दाबता, पेडलचा पाट पुढे सरकतो, खुर्ची चाकांवरून मागे जाते आणि पायाचा दाब आपोआप कमी होतो. म्हणजे ऐन वळणाच्या तोंडावर तुमच्या नकळत ब्रेक सुटतो. त्याचा परिणाम काय होतो ते पुढे येईलच.

पेडल भिंतीला टेकवा. टेबल भिंतीपासून लांब असेल तर पेडल आणि भिंत यांच्यात लाकडी फळी अडकवा. खाली योगा मॅट टाका. खुर्चीची चाकं काढता येत असतील तर काढा, नाहीतर सरळ जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणा. टेबलाला सनमायका असेल तर व्हीलच्या क्लॅम्पखाली रबराचा पातळ तुकडा द्या. यातलं काही महाग नाही, पण हे झाल्याशिवाय पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

मग पट्ट्या

असेटो कोर्सामध्ये पेडलचं एक छोटं ॲप आहे. माऊस स्क्रीनच्या उजव्या कडेला नेला की ॲपची यादी उघडते, त्यात ते सापडेल. त्यात चार उभ्या पट्ट्या दिसतात: निळी क्लचची, लाल ब्रेकची, हिरवी ॲक्सिलरेटरची आणि करडी फोर्स फीडबॅकची, म्हणजे व्हील हाताला देतं त्या जोराची. या दुखण्याचं निदान करायला यापेक्षा चांगलं साधन नाही. गाडी पिटमध्ये उभी असताना ते लावा आणि बघा.

कोथरूडला एका ओळखीच्यांकडे इंजिनिअरिंगचा मुलगा हेच रडगाणं घेऊन बसला होता. गाडी कधी वळणाच्या आत फिरायची, कधी बाहेर पडताना, कधी सरळ रस्त्यावर हलका झटका द्यायची. मी त्याला पाय जमिनीवर ठेवायला सांगितले आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. हिरवी पट्टी तळाशी शांत असायला हवी होती. ती मधूनच थरथरत वर उडी मारत होती.

"काका, मी पाय लावलेलाच नाहीये."

"तू नाही लावलास. पण गेमला वाटतंय की तू लावलायस."

खिडकीसमोर इमारतीचं बांधकाम चालू होतं आणि पेडल जमिनीवर. रोज घरात झाडू फिरतो, ती सगळी धूळ पेडलच्या फटींत. बहुतेक स्वस्त आणि मध्यम पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे एका पट्टीवर घासत फिरणारा संपर्क. त्यावर धूळ बसली की आकडे उड्या मारू लागतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मागच्या चाकांवर ताकद देणारी गाडी वळणात असताना असा क्षणभराचा जास्तीचा ॲक्सिलरेटर पोचला की ती फिरणारच. तिथे शूमाकर बसवला तरी फिरेल.

उपाय दोन. तात्पुरता म्हणजे ॲक्सिलरेटरच्या सुरुवातीला तीन ते पाच टक्के डेडझोन देणं, म्हणजे तेवढी हालचाल गेमने मोजायचीच नाही. खरा म्हणजे पेडल उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारणं. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करा. घेताना नक्की 'कॉन्टॅक्ट क्लीनर' म्हणूनच मागा. बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे घेतलात तर त्यावर आणखी धूळ चिकटेल. फवारा मारल्यावर पेडल पुष्कळ वेळा वर-खाली करा, पूर्ण वाळू द्या, मगच वायर जोडा. आणि झाडू मारण्याआधी पेडलवर जुनी चादर टाकायची सवय घरात सगळ्यांना लावा.

पट्ट्यांवरून आणखी तीन गोष्टी कळतात. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर एकच पट्टी वर-खाली होत असेल तर ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये 'कम्बाइन्ड पेडल्स' चालू राहिलंय. ते बंद करा. पूर्ण दाबूनही पट्टी वरपर्यंत जात नसेल तर व्हील सुरू झाल्यावर तिन्ही पेडल एकदा तळापर्यंत दाबा, कारण पुष्कळ पेडल आपली कमाल मर्यादा अशीच ओळखतात. आणि ब्रेकला नुसता पाय लागला की लाल पट्टी अर्ध्यावर जात असेल तर ब्रेक गॅमा वाढवा, म्हणजे हलक्या दाबाला गेम कमी ब्रेक देतो. पोटेन्शिओमीटरवाल्या ब्रेकला २ ते २.५ च्या आसपास गॅमा ठेवला की सुरुवातीच्या हलक्या दाबात बारकावा मिळतो. पायाचा दाब मोजणारं लोडसेल पेडल असेल तर तो १ च्या जवळ ठेवा.

गुरुवारी वीज जाते, परत येते, हे पुणेकरांना नवीन नाही. वीज आल्यावर व्हील स्वतःच डावी-उजवीकडे फिरून आपला मध्य शोधतं. त्या वेळी हात लावू नका. हाताने अडवलं तर मध्य चुकतो आणि मग गाडी सरळ चालवायला व्हील तिरपं धरावं लागतं. व्हील असं फिरलंच नाही तर त्याचा पॉवर अडॅप्टर तपासा. नुसत्या यूएसबीवर बटणं चालतील, पण हाताला जोर जाणवणार नाही. जी२९ कॉम्प्युटरला जोडताना त्यावरचा स्विच पीएस३ कडे ठेवायचा, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

'काल बरोबर होतं, आज पुन्हा तेच'

ही तक्रार आली की मी थेट जी हब, म्हणजे लॉजिटेकच्या व्हीलचं सॉफ्टवेअर, उघडायला सांगतो. ते सॉफ्टवेअर प्रत्येक गेमसाठी वेगळी प्रोफाइल ठेवतं आणि गेम सुरू झाल्यावर ती लावतं. तुम्ही डेस्कटॉपच्या प्रोफाइलमध्ये व्हीलची फिरत ९०० अंश केलेली असते आणि गेमच्या प्रोफाइलमध्ये भलताच आकडा पडून असतो. मग हाताची हालचाल थोडी आणि गाडीची पुढची चाकं भरमसाट वळलेली. अशी गाडी कुणालाच सांभाळता येणार नाही.

जी हबमध्ये ९०० अंश ठेवा आणि असेटो कोर्साच्या सेटिंगमध्येही ९००. गाडीगणिक फिरत कमी-जास्त करण्याचं काम गेम स्वतः करतो: घरच्या वापराच्या गाडीचं स्टिअरिंग खूप फिरतं, जीटी३ चं कमी, फॉर्म्युला गाडीचं त्याहून कमी. स्क्रीनवरचं स्टिअरिंग आणि हातातलं व्हील सोबत फिरतंय का ते पाव वळसा देऊन बघा. फिरत असेल तर जमलं. त्याच पानावर स्टिअरिंग गॅमा १, फिल्टर ० आणि स्पीड सेन्सिटिव्हिटी ०. हे तिन्ही पर्याय गेमपॅडवाल्यांच्या सोयीचे आहेत. व्हीलवर ते तुमच्या आणि गाडीच्या मध्ये येतात. जी हबमधला सेंटरिंग स्प्रिंगही बंद करा. तो व्हील सतत मध्याकडे ओढतो, आणि गाडीची मागची बाजू सुटते तेव्हा तुम्हाला व्हील नेमकं मध्यापासून लांब न्यायचं असतं.

हाताला काय कळतं

घरात बसून गाडी चालवताना खरी गाडी चालवणाऱ्याची सगळ्यात मोठी सोय आपल्याकडे नसते. खऱ्या गाडीत मागची चाकं घसरायला लागली की ते आधी पाठीला आणि कमरेला कळतं. इथे ते फक्त डोळ्याला आणि हाताला कळतं. म्हणून फोर्स फीडबॅक नीट असणं ही चैन नाही.

नवा माणूस जोर जास्तीत जास्त ठेवतो, कारण जड व्हील 'खरं' वाटतं. पण जी२९ सारखं व्हील साधारण २ न्यूटन-मीटर जोर देऊ शकतं. गेमने त्याहून जास्त मागितलं की व्हील आपल्या कमाल जोरावर अडकून पडतं. वळणात पकड वाढतेय की सुटतेय, दोन्ही वेळा हाताला सारखंच लागतं. याला क्लिपिंग म्हणतात. मघाच्या ॲपमधली करडी पट्टी लाल झाली की समजा क्लिपिंग चालू आहे. ती वेगवान लांब वळणांत अधूनमधून क्षणभर लाल व्हावी, सतत नाही. तोपर्यंत गेन, म्हणजे एकूण जोराचा आकडा, कमी करत आणा. गिअरवर चालणाऱ्या व्हीलला मध्याजवळ थोडी पोकळ जागा असते, ती भरायला किमान जोर वाढवता येतो, पण सरळ रस्त्यावर व्हील आपोआप थरथरू लागलं तर तो जास्त झालाय.

आणि व्हील आवळून धरू नका. मागची बाजू सुटली की पुढच्या चाकांची ठेवणच अशी असते की स्टिअरिंग स्वतःहून घसरण्याच्या दिशेला फिरू बघतं. बोटं सैल असतील तर अर्धं काम तेच करतं. घट्ट मूठ करून तुम्ही त्याला अडवत असता.

डोळे

इथे थोडक्यात. स्क्रीनवर रस्ता किती रुंद दिसावा, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, याचा आकडा अंदाजाने ठेवायचा नसतो. स्क्रीनच्या उंचीच्या निम्म्याला डोळ्यापासूनच्या अंतराने भागा, त्याचा व्यस्त टॅन काढा आणि दुप्पट करा. २७ इंची मॉनिटर ७० सेंटीमीटरवर असेल तर उत्तर सुमारे २७ अंश. २४ इंची ६० सेंटीमीटरवर असेल तर सुमारे २८. असेटो कोर्सा हा उभा कोन मागतो. पहिल्यांदा फार कोंडल्यासारखं वाटेल, बाजूचा आरसा दिसणार नाही. पण वळण खरं किती लांब आहे आणि मागची बाजू किती सुटलीय ते याच कोनात खरं दिसतं. अगदीच जमेना तर दहा-बारा अंश वाढवा आणि मॉनिटर जवळ ओढा. मॉनिटर जवळ आणण्याइतका फायदा दुसऱ्या कुठल्याच फुकट गोष्टीत नाही.

हॉलमधल्या टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू करा. टीव्ही चित्र 'सुंदर' करण्यात वेळ घालवतो आणि तुम्हाला गाडी सुटलेली उशिरा दिसते. गेममधला व्ही-सिंकही (चित्र स्क्रीनच्या गतीशी जुळवणारं सेटिंग) त्यात भर घालतो. गाडी एकदा सावरली आणि लगेच विरुद्ध बाजूला फिरली, असं वारंवार होत असेल तर हा उशीर आधी तपासा.

आता पाय

इथवरचं सगळं नीट झालं आणि गाडी तरी फिरते आहे, तर आता रिप्ले उघडा. फिरण्याच्या क्षणाच्या थोडं आधी जा, हळू गतीने चालवा आणि त्या वेळी पाय काय करत होते ते बघा. फिरण्याचे मुख्य प्रकार तीनच आहेत आणि ते वेगवेगळे ओळखता येतात.

पहिला: गाडी वळणातून बाहेर पडताना फिरते आणि तेव्हा ॲक्सिलरेटर बराच दाबलेला असतो. स्टिअरिंग अजून वळलेलं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आणि पाय एकदम खाली. मागच्या टायरला एकाच वेळी गाडी बाजूला धरून ठेवायचीय आणि पुढेही ढकलायचीय. टायरची पकड एकूण ठरलेली असते. बाजूला धरण्यात सगळी गेली तर पुढे ढकलायला उरत नाही. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला हे शिकवायची गरज नाही. जूनचा पहिला पाऊस पडून रस्ता चिकट झालेला असताना वळणावर आपण गाडी तिरपी ठेवून ॲक्सिलरेटर पिळत नाही आणि पुढचा ब्रेकही आवळत नाही. तेच ज्ञान इथे पायात उतरवायचंय. स्टिअरिंग जेवढं सरळ होत जाईल तेवढाच उजवा पाय खाली जाईल. व्हील आणि पेडल एका दोरीने बांधलंय असं समजून चालवा.

दुसरा प्रकार सगळ्यात जास्त चकवतो. गाडी वळणात शिरताना फिरते आणि त्या क्षणी पाय कुठल्याच पेडलवर नसतो. "मी तर काहीच केलं नव्हतं," असं ज्याच्या तोंडून येतं त्याचा रिप्ले हमखास असा निघतो. मोंझाचं पहिलं वळण घ्या, रेत्तिफिलो शिकेन. एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता, मग आधी घट्ट उजवीकडे आणि लगेच डावीकडे. ब्रेकची पट्टी वरपर्यंत गेलेली, गाडीचा सगळा भार पुढच्या चाकांवर, मागची चाकं हलकी. नवख्याला वाटतं, वेग पुरेसा उतरला; तो ब्रेक झटकन सोडतो आणि त्याच क्षणी स्टिअरिंग खाडकन वळवतो. पुढच्या टायरना अजून भरपूर भार आणि भरपूर पकड, मागच्यांना नाही. नाक आत घुसतं, शेपूट बाहेर जाते. पुढच्या सेकंदात तो घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो किंवा पुन्हा ब्रेकवर उडी मारतो, आणि दोष त्या शेवटच्या कृतीला देतो.

उपाय आहे तो ब्रेक सोडण्याच्या पद्धतीत. दाबायला जोर लागतो, सोडायला सबुरी. सुरुवातीला सगळा ब्रेक सरळ रेषेतच मारा, वळणाच्या बऱ्याच आधी. मग पाय हळूहळू उचला, लाल पट्टी उतारासारखी खाली यायला हवी, कड्यासारखी नाही. पट्टी तळाशी आली की मग स्टिअरिंग. हे अंगात मुरलं की पुढे ब्रेकचा शेवटचा भाग वळणाच्या आत नेता येतो, त्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पण त्याची घाई नको. पुष्कळ लोक व्हिडिओ बघून पहिल्याच दिवशी ट्रेल ब्रेकिंग करायला जातात आणि तिथेच अडकतात.

हाच तो भाग जिथे सरकणारी खुर्ची आणि उडी मारणारी पट्टी तुमचा घात करतात. पाय बरोबर सोडत असूनही गेमला झटका मिळतो.

तिसरा प्रकार: ब्रेक दाबलेला असताना, वळण्याच्याही आधी मागची बाजू हलू लागते. कान द्या. इंजिन किंचाळत असेल तर तुम्ही गिअर फार लवकर उतरवलेत. सहाव्यावरून दुसऱ्यावर यायला व्हीलमागची गिअरची पट्टी (पॅडल) बोटाने टकाटक चार वेळा ओढली की इंजिन मागच्या चाकांना अडवतं आणि ती फिरायची थांबू पाहतात. वेग उतरेल तसा एकेक गिअर उतरवा, प्रत्येक वेळी आवाज खाली येऊ द्या.

गाडी फिरलीच तर शेवटपर्यंत झुंजू नका. क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा. इंजिन बंद पडत नाही, गाडी लवकर थांबते, आणि इतरांबरोबर खेळत असाल तर तुम्ही कुठे जाणार ते मागून येणाऱ्याला कळतं. ट्रॅकवर परत येताना येणाऱ्या गाड्या बघूनच या. आणि गवतावरून आलात तर पुढच्या एक-दोन वळणांत जपून, कारण टायरला माती लागलेली असते आणि असेटो कोर्सा ती हिशेबात धरतो. एकदा फिरलेला माणूस लगेच पुढच्या वळणावर पुन्हा फिरतो त्याचं निम्मं कारण हे. थंड टायरचंही तसंच; सुरुवातीची लॅप हळूच काढा.

कुठली गाडी, कुठला ट्रॅक

फेरारी आणि लोटस ९८टी यांना सध्या हात जोडा. ९८टी ही १९८६ ची फॉर्म्युला वन गाडी, आयर्टन सेना हा ड्रायव्हर चालवायचा ती. तिचा टर्बो क्षणभर काहीच देत नाही आणि मग सगळी ताकद एकदम देतो. तिच्यावर शिकायला बसणं हा स्वतःवर अन्याय आहे. आधी अबार्थ ५०० घ्या, तिची पुढची चाकं ओढतात, त्यामुळे ॲक्सिलरेटरने ती फिरवणं कठीण. तिच्यावर ब्रेक सोडायला शिका. मग टोयोटा जीटी८६: मागची चाकं ढकलतात, ताकद २०० अश्वशक्ती, आणि सुटली तरी आधी सांगून सुटते. आयरेसिंगमध्ये नवख्यांना माझदा एमएक्स-५ देतात, तेही याच कारणाने.

ट्रॅकसाठी मोंझा सोडून माजोने घ्या. इटलीतलाच, जेमतेम अडीच किलोमीटरचा. वेग कमी, वळणं लवकर लवकर येतात, त्यामुळे तोच धडा पुन्हा पुन्हा गिरवता येतो. वेळेचं ॲप बंद करा. सलग दहा लॅप एकदाही न फिरता काढणं एवढंच ध्येय ठेवा. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (ॲक्सिलरेटर दिल्यावर चाकं जागीच फिरू न देणारी सोय) 'फॅक्टरी'वर, म्हणजे खऱ्या गाडीत जेवढं आहे तेवढंच मिळेल. स्टॅबिलिटी कंट्रोल शून्यावर ठेवा. तो गाडी फिरू देत नाही हे खरं, पण पाय चुकतोय हेही कळू देत नाही. रस्त्यावर रंगीत रेषा दाखवणारी मदत ट्रॅक पाठ होईपर्यंत खुशाल वापरा.

पुणे शहरात रेसचं मोठं सर्किट नाही. देशातली नावाजलेली म्हणजे ग्रेटर नोएडाचं २०११ मध्ये सुरू झालेलं बुद्ध, चेन्नईजवळचं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचं आणि कोईमतूरचं कारी, तिन्ही लांब. म्हणून इथल्या बहुतेकांसाठी हा गेम म्हणजे सर्किटवर जाण्याचा एकमेव रस्ता आहे, आणि म्हणूनच ते व्हील खोक्यात जाऊ नये असं मला वाटतं. पण एक कळकळीने सांगतो. गेममध्ये जमायला लागलं म्हणून ताम्हिणीत किंवा जुन्या कात्रज घाटात हे करून बघू नका. तिथे समोरून एसटी येते आणि रिस्टार्टचं बटण नसतं.

तरीही फिरत असेल तर

दिशा बघा. गाडी फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या वळणांवरच फिरत असेल तर ते पायाचं काम नाही. व्हीलचा मध्य सरकलाय, किंवा आधी भिंतीला घासून गाडीचं सस्पेन्शन वाकलंय आणि डॅमेज चालू आहे. सेशन नव्याने सुरू करा. तरी राहिलं तर व्हीलची वायर काढून पुन्हा जोडा आणि मध्य नव्याने शोधू द्या. मध्य काही लॅपनंतर पुन्हा पुन्हा सरकत असेल तर आतला सेन्सर बिघडलाय, आणि तो घरी उघडण्याआधी बिलाची तारीख बघा, वॉरंटी असेल तर स्क्रूला हात लावू नका.

एखाद्या जाणत्याला विचारायला जाणार असाल तर नुसतं "गाडी फिरते" म्हणू नका. गाडी कोणती, ट्रॅक कोणता, वळण कितवं, व्हील आणि पेडल कोणतं, आणि पेडलच्या पट्ट्या दिसत असलेला रिप्लेचा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा, एवढं सोबत न्या. फिरण्याच्या पाच सेकंद आधीपासूनचा.